थंड बल्बचा रोध ३७ ओहम, मग शक्ती १४३० वॅट कशी येते?

शंकेखोर (धागाकर्ता) | सोमवार, २१:०५
नमस्कार. शाळेत शिकलेला ओहमचा नियम बऱ्याच वर्षांनी पुन्हा हाती घेतला आणि पहिल्याच गणितात अडकलो. माझ्याकडे जुन्या पद्धतीचा, टंगस्टनच्या तंतूचा एक बल्ब आहे. त्यावर २३० व्होल्ट, १०० वॅट असे छापलेले आहे. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा, म्हणून १०० ला २३० ने भागून धारा सुमारे ०.४३५ अँपिअर आली. २३० ला या धारेने भागले की रोध ५२९ ओहम येतो. इथपर्यंत सारे सुरळीत होते.

नंतर बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटर ओहमवर लावला, तर आकडा आला ३७. प्रोब तीनदा बदलून पाहिले, बल्बची टोके पुसून पाहिली, तरी आकडा ३७ च. आता २३० चा वर्ग ५२,९०० आणि त्याला ३७ ने भागले तर शक्ती येते सुमारे १४३० वॅट. बल्ब खोटे बोलतो, मीटर खोटे बोलतो, की माझे गणित चुकते?

तारकरी | सोमवार, २१:१७
तिघेही खरे बोलत आहेत. तुम्ही थंड बल्बचा रोध घेतलात आणि पेटलेल्या बल्बचे विभवांतर.

फ्यूजबळी | सोमवार, २१:२२
मीटरमधली बॅटरी उतरली असेल तर आकडे भलतेच येतात, हेही एकदा तपासून पाहावे. माझ्या मीटरने मागे एका धडधाकट रोधकाला मृत घोषित केले होते. शवविच्छेदनात मृत निघाली ती मीटरचीच बॅटरी.

गणितवेडी | सोमवार, २१:४०
तारकरी यांनी एका ओळीत सांगितलेले थोडे उलगडते. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर भरपूर वाढतो. खोलीच्या तापमानाच्या आसपास दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४५ टक्के, हा त्याचा तापमान गुणांक. तंतू पेटलेला असतो तेव्हा त्याचे तापमान साधारण २५०० अंश सेल्सिअस असते, त्यामुळे रोध थंड अवस्थेच्या चौदा-पंधरापट होणे अगदी अपेक्षित आहे. ५२९ ला ३७ ने भागून पाहा, १४.३ येते. बल्ब ठणठणीत आहे आणि मीटरही.

एक गंमत मात्र ध्यानात घ्यावी. याच गुणांकाने उलटे गणित केले, म्हणजे १३.३ पट वाढीला ०.००४५ ने भागले, तर तापमानवाढ जवळजवळ २९५० अंश येते आणि ती खऱ्यापेक्षा बरीच जास्त आहे. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो, म्हणजे हे उत्तर अशक्य नाही, पण चुकीचे आहे. खोलीच्या तापमानाला मोजलेला गुणांक हजारो अंश ओढत नेला की असे होते, कारण तापमानाबरोबर रोध अगदी सरळ रेषेत वाढत नाही.

शंकेखोर (धागाकर्ता) | सोमवार, २१:५८
आभारी आहे. म्हणजे १४३० वॅट हा आकडा निव्वळ निरर्थक समजायचा का?

तारकरी | सोमवार, २२:१०
निरर्थक नाही, फार थोडा वेळ टिकणारा आहे. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तंतू थंडच असतो. त्या क्षणी २३० भागिले ३७, म्हणजे सहा अँपिअरच्या वर धारा जाऊ शकते. प्रत्यक्षात किती जाईल हे प्रत्यावर्ती धारेच्या कोणत्या टप्प्यावर बटण दाबले गेले यावर अवलंबून आहे. सेकंदाचा छोटासा अंश सरतो, तंतू तापतो, रोध चढतो आणि धारा ०.४३५ वर येऊन स्थिरावते. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जात, याचे कारणही यातच आहे. झिजून बारीक झालेली जागा या पहिल्या धक्क्यात बाकीच्या तंतूपेक्षा आधी आणि जास्त तापते.

प्रयोगवही | सोमवार, २२:३१
मी विज्ञान शिकवते, म्हणून एका गोंधळाकडे लक्ष वेधते. रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा, ही व्याख्या आहे. ती कोणत्याही वस्तूला, कोणत्याही क्षणी लावता येते. वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना हा भागाकार कायम राहतो, हा ओहमचा नियम आहे. विद्यार्थी नियम घोकतात आणि ‘भौतिक अवस्था कायम असताना’ हे शब्द एका श्वासात गिळून टाकतात. धागाकर्त्यांच्या बल्बमध्ये नेमकी तीच अट मोडली आहे. व्याख्या मात्र थंड बल्बलाही लागू आहे आणि पेटलेल्यालाही. उत्तरे दोन येतात, कारण अवस्था दोन आहेत.

ही अट किती जपावी लागते, हे खुद्द ओहमला ठाऊक होते. त्या काळच्या विद्युतघटांचे विभवांतर जोडणी करताच घसरू लागे. म्हणून १८२६ च्या प्रयोगांत त्याने बिस्मथ आणि तांबे यांची जोडी वापरली, तिचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. तापमानातला फरक कायम, म्हणून विभवांतरही कायम. या कामाची सविस्तर मांडणी करणारा त्याचा ग्रंथ १८२७ मध्ये निघाला.

फ्यूजबळी | सोमवार, २२:३६
बर्फ वितळायच्या आत सगळी मोजमापे उरकणारा माणूस थोरच म्हणायचा.

जुनी_इस्त्री | सोमवार, २२:५२
माझा अनुभव धागाकर्त्यांच्या उलट आहे. मी १००० वॅटच्या इस्त्रीचे वेटोळे थंड असताना मोजले, ५१ ओहम आले. ५२,९०० ला ५१ ने भागून १०३७ वॅट. छापील आकड्याच्या इतके जवळ! मग बल्बनेच काय घोडे मारले आहे?

गणितवेडी | सोमवार, २३:०४
तुमच्या इस्त्रीचे वेटोळे बहुधा नायक्रोमचे, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे असावे. तापल्यावर त्याचा रोध फार थोडा बदलतो, म्हणून थंड मोजणी आणि चालू अवस्था यांत अंतर पडत नाही. बल्बचा तंतू पंधरापटीच्या जवळ जातो, इस्त्रीचे वेटोळे काही टक्क्यांवर थांबते. थंड मोजून शक्ती काढायची असेल तर हीटर किंवा इस्त्री घ्यावी, बल्ब घेऊ नये.

अर्धाअँपिअर | मंगळवार, ०८:१२
माझा प्रश्न किंचित वेगळा आहे, पण याच सूत्रांचा आहे. एका ठिकाणी वाचले की शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणून रोध वाढला की उष्णता वाढते. दुसरीकडे वाचले की शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, म्हणून रोध वाढला की उष्णता घटते. दोन्ही सूत्रे बरोबर आहेत असे सगळेच सांगतात. मग खरे कोणते मानायचे?

सोल्डरवाला | मंगळवार, ०८:४०
रोध वाढला की उष्णता वाढते, यात शंका कसली? सैल प्लग घ्या. सांध्याचा रोध वाढतो आणि प्लग तपकिरी पडतो. माझ्या टेबलावर असे दोन प्लग पुरावा म्हणून ठेवले आहेत.

जुनी_इस्त्री | मंगळवार, ०९:०५
असहमत. माझ्या ५१ ओहमच्या इस्त्रीच्या जागी २६ ओहमचा हीटर लावला की शक्ती दुप्पट होते. रोध कमी झाला आणि उष्णता वाढली.

प्रयोगवही | मंगळवार, १३:२०
दोघेही बरोबर आहात आणि दोघांनीही अर्धेच वाक्य लिहिले आहे. ‘रोध वाढला’ एवढ्याने काहीच ठरत नाही. तो वाढताना बाकीचे काय कायम राहिले, ते सांगावे लागते.

हीटर थेट २३० व्होल्टला जोडलेला असतो. त्याच्या टोकांमधले विभवांतर बाहेरून ठरलेले आहे, म्हणून विभवांतराचा वर्ग भागिले रोध हे सूत्र सोयीचे, आणि रोध घटला की शक्ती वाढते. सैल प्लगची गोष्ट निराळी आहे. त्यातून किती धारा जाणार हे प्लग ठरवत नाही, पुढे जोडलेला हीटर ठरवतो. समजा दहा अँपिअर धारा जात आहे आणि सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आहे. दहाचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत तयार होते. हीटरच्या एकूण २३ ओहमांत अर्ध्या ओहमची भर पडल्याने धारा जेमतेम दोन टक्क्यांनी घटते, म्हणून ती कायम धरायला हरकत नाही. सांधा अगदीच तुटला आणि रोध हजारो ओहम झाला, तर मात्र धाराच नाममात्र उरते आणि सांध्यातली उष्णताही आटते.

धारेच्या वर्गाशी उष्णतेचे प्रमाण जेम्स जूलने प्रयोगांनी दाखवले, ते १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आणि दुसऱ्या सूत्रात भांडण नाही. एकातून दुसरे निघते, मधे फक्त रोधाची व्याख्या लागते.

अर्धाअँपिअर | मंगळवार, १३:४८
समजले. आता स्वतःची परीक्षा घेतो. ६० वॅट आणि १०० वॅटचे बल्ब एकसर जोडणीत लावून २३० व्होल्ट दिले, तर ६० वॅटचा जास्त उजळेल. त्याचा रोध ८८२ ओहम, दुसऱ्याचा ५२९, बेरीज १४११. धारा ०.१६३ अँपिअर, ती दोघांतून सारखीच. म्हणून ६० वॅटच्या बल्बमध्ये सुमारे २३.४ वॅट आणि १०० वॅटच्या बल्बमध्ये सुमारे १४.१ वॅट. बरोबर?

गणितवेडी | मंगळवार, १४:१५
क्रम बरोबर, आकडे अंदाजे. ८८२ आणि ५२९ हे रोध पूर्ण पेटलेल्या बल्बचे आहेत आणि या जोडणीत दोघेही अर्धवटच तापतात, म्हणजे दोघांचेही रोध याहून कमी असतील. त्यातही १०० वॅटचा बल्ब अधिक थंड राहतो, त्याचा रोध अधिक घसरतो आणि त्याच्या वाट्याचे विभवांतर आणखी घटते. प्रत्यक्षात दोघांमधली तफावत तुमच्या गणितापेक्षा मोठी दिसेल. धागाकर्त्यांची चूक तुम्ही सभ्य वेशात परत आणली आहे!

नवखा_डायोड | मंगळवार, १९:३०
मी नुकताच या छंदात शिरलो आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायचा होता. एलईडीला २० मिलिअँपिअर हवेत, म्हणून ९ ला २० ने भागले, ०.४५ आले. एवढ्या कमी ओहमचा रोधक मिळेना, तेव्हा रोधक नसला तरी चालेल असे समजून तसाच जोडला. एलईडी क्षणभर फार सुंदर चमकला.

फ्यूजबळी | मंगळवार, १९:३४
त्याच्या आत्म्यास शांती लाभो.

सोल्डरवाला | मंगळवार, १९:५०
चुका दोन आहेत आणि दोन्ही आम्ही सर्वांनी केलेल्या आहेत. पहिली एककाची. व्होल्टला मिलिअँपिअरने भागले की उत्तर किलोओहममध्ये येते, म्हणजे तुमचे ०.४५ हे ४५० ओहम होते. मी सूत्रात सर्वत्र व्होल्ट आणि मिलिअँपिअरच वापरतो आणि उत्तर किलोओहम म्हणूनच वाचतो, शून्ये मोजत बसावे लागत नाही. पण मग शक्तीही मिलिवॅटमध्ये येते, हे विसरायचे नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. नऊ व्होल्ट हे बॅटरीचे आहेत, रोधकाचे नाहीत. लाल एलईडी साधारण दोन व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, रोधकाच्या टोकांमध्ये सात उरतात. सात भागिले ०.०२, म्हणजे ३५० ओहम. प्रचलित मूल्यांत ३३० आणि ३९० मिळतात. ३९० घ्यावा, धारा सुमारे १८ मिलिअँपिअर होईल आणि प्रकाशात फरक जाणवणारही नाही. रोधकातली शक्ती सात गुणिले ०.०१८, म्हणजे ०.१३ वॅटच्या आसपास. पाव वॅटचा रोधक पुरतो.

एलईडीचाही रोध याच भागाकाराने काढता येतो, दोन भागिले ०.०२ म्हणजे १०० ओहम, पण त्या आकड्याच्या भरवशावर पुढचे काही करू नये. विभवांतर जरा वाढवले की धारा कितीतरी पट वाढते आणि ते १०० ओहम कुठच्या कुठे जातात.

तारकरी | मंगळवार, २०:२१
सोल्डरवाला यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. या धाग्यातल्या निम्म्या घोटाळ्यांचे मूळ तिथेच आहे. विभवांतर आणि धारा एकाच तुकड्याची असली पाहिजेत आणि एकाच वेळची असली पाहिजेत. नवखा_डायोड यांनी विभवांतर बॅटरीचे घेतले आणि धारा एलईडीची. धागाकर्त्यांनी विभवांतर चालू बल्बचे घेतले आणि रोध बंद बल्बचा. भागाकाराला हे कळत नाही, तो निमूटपणे उत्तर देतो.

मोजतानाही हेच होते. एक ओहमचा रोधक मोजायचा असेल आणि व्होल्टमीटर रोधक व अँमीटर या दोघांच्या बाहेरून लावला, तर अँमीटरचा आणि त्याच्या तारांचा रोधही उत्तरात मिसळतो. तो ०.१ ओहम असला तरी दहा टक्के चूक झाली. इथे व्होल्टमीटर थेट रोधकाच्या टोकांवर टेकवावा. उलट रोधक दहा लाख ओहमचा असेल, तर तसे थेट टेकवलेला व्होल्टमीटरच आपली वाट काढून बसतो. बहुतेक डिजिटल मीटरचा रोध एक कोटी ओहम असतो, तो समांतर आला की दहा लाखांचे नऊ लाख नऊ हजार दिसतात. अशा वेळी व्होल्टमीटर अँमीटरच्या बाहेरून लावणे बरे.

काळजीवाहू | मंगळवार, २०:४४
उत्साहात कोणी भिंतीतल्या सॉकेटवर प्रयोग सुरू करण्यापूर्वी लिहितो. मीटर ओहमवर असताना तो चालू मंडलाला कधीही लावू नये. मीटर धारेवर असताना त्याचे प्रोब सॉकेटच्या किंवा बॅटरीच्या दोन टोकांवर तर मुळीच टेकवू नयेत, कारण अँमीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो आणि व्होल्ट भागिले जवळजवळ शून्य म्हणजे काय, ते सूत्रच सांगते. मी हे बारा व्होल्टच्या बॅटरीवर केले आहे. लाल प्रोब आधीच्या मोजणीनंतर धारेच्या खाचेतच राहिला होता, मी फक्त वरची कळ व्होल्टवर फिरवली. मीटरचा फ्यूज गेला, प्रोबच्या टोकाला खळगा पडला आणि पुढचा तासभर डोळ्यांसमोर हिरवा ठिपका तरंगत होता. शिकायचे असेल तर कमी व्होल्टवर शिकावे.

मोटारसायकल_डॉक्टर | बुधवार, १०:०२
मोटारीला हे सूत्र लावताना जपून. २३० व्होल्टवर अर्धा अँपिअर घेणाऱ्या मोटारीचा गुणाकार ११५ येतो, पण ते वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. शक्तिगुणक, म्हणजे खरी शक्ती भागिले हा गुणाकार, ०.७ असेल तर खरी शक्ती ८०.५ वॅट. तिच्या वेटोळ्याचा मल्टिमीटरने मोजलेला रोध २३० च्या वर्गाखाली भागायला घेतला तर आणखीच भलते उत्तर येते, कारण प्रत्यावर्ती धारेला फक्त तारेचा रोध अडवत नाही, वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्रही अडवते. हीटर आणि बल्ब यांच्यापुरते मात्र साधे सूत्र चालते, २३० हे परिणामी मूल्य आहे, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या स्थिर विभवांतराचा आकडा, आणि ते त्याचसाठी निवडलेले असते. शिखर मूल्य ३२५ च्या आसपास जाते.

सोल्डरवाला | बुधवार, १०:३०
विषय निघालाच आहे तर लांब तारेचेही सांगतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०१२ ओहम. वीस मीटरची एक्स्टेन्शन म्हणजे जाऊन येऊन चाळीस मीटर तार, रोध ०.४८ ओहम. दहा अँपिअर धारेला ४.८ व्होल्ट तारेतच राहतात आणि ४८ वॅट तारेतच तापतात. पसरलेली तार ही उष्णता सहज सोडते. रिळावर गुंडाळलेली मात्र आतल्या आत शिजते. वापरताना रीळ पूर्ण उलगडावे.

शंकेखोर (धागाकर्ता) | शुक्रवार, २२:१५
सर्वांचे मनापासून आभार. काळजीवाहू यांचा सल्ला मानून २३० व्होल्टचा बल्ब बाजूला ठेवला आणि गाडीच्या दिव्यातला १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घेतला. सोबत विभवांतर कमीजास्त करता येणारा सप्लाय आणि दोन मीटर, एक धारेसाठी, एक थेट बल्बच्या टोकांवर.

आधी थंड मोजणी केली. मीटरने ०.८ ओहम दाखवले, मात्र दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३ दिसत होते. म्हणजे बल्बचे खरे ०.५. मग सप्लाय चालू केला. बल्बच्या टोकांवर ०.१ व्होल्ट असताना धारा ०.१७ अँपिअर, रोध ०.५९ ओहम. एक व्होल्टला ०.४६ अँपिअर, रोध २.१७. तंतूत अजून काहीच दिसत नव्हते, तरी रोध चौपट झाला होता. सहा व्होल्टला १.१८ अँपिअर, रोध ५.०८, शक्ती ७.१ वॅट.

शेवटी सप्लायवर १२.० केले, तर बल्बच्या टोकांवर ११.७ च होते. धारा १.७३ अँपिअर. मी सप्लायचा आकडा लिहिणारच होतो, तेवढ्यात तारकरी यांचे वाक्य आठवले. हरवलेले ०.३ व्होल्ट माझ्या बारीक तारांत होते. ०.३ भागिले १.७३, म्हणजे तारांचा आणि वाटेतल्या अँमीटरचा मिळून ०.१७ ओहम, आणि त्यांत अर्धा वॅट वाया. बल्बचा रोध ६.७६ आणि शक्ती २०.२ वॅट.

सगळ्यात आश्चर्य वाटले ते निम्म्या विभवांतराच्या आकड्याचे. रोध कायम असता तर सहा व्होल्टला ५.३ वॅट यायला हवे होते, आले ७.१. तंतू थंड झाल्याने त्याने स्वतःच रोध कमी करून थोडी जास्त धारा ओढली, असे मी समजतो. चुकत असेन तर सांगावे.

गणितवेडी | शुक्रवार, २२:४०
अजिबात चुकत नाही. ६.७६ भागिले ०.५ करून पाहा, साडेतेरा येते. तुमच्या मोठ्या बल्बच्या १४.३ च्या शेजारी ठेवून पाहा. थंड मोजणीतला ०.३ वजा करायला विसरला असतात तर साडेआठच आले असते.

प्रयोगवही | शुक्रवार, २२:५५
हे आकडे वर्गात वापरण्याची परवानगी मिळेल का? एक व्होल्टला ‘तंतूत अजून काहीच दिसत नव्हते’ हे वाक्य मुलांना आवर्जून वाचून दाखवीन.

शंकेखोर (धागाकर्ता) | शुक्रवार, २३:०१
अवश्य वापरा. त्या वेळी खोलीतला दिवा चालू होता, एवढी नोंद मात्र जोडा. अंधारात एक व्होल्टला काही दिसते का, ते उद्या रात्री पाहून लिहितो.

फ्यूजबळी | शुक्रवार, २३:०४
अंधारात प्रोब कोणत्या खाचेत आहे, ते आधी हाताने चाचपून पाहा.